हातात मोदक नसलेला उंदीर

“हॅलो?… हॅलो! कोण बोलतंय?… अम्मा, ते ग्राइंडर बंद कर गो, काही ऐकू येत नाही!… हां, हॅलो? अक्का! अय्यो, बरं झालं तूच फोन केलास. मी आत्ता तुलाच लावणार होते, पण तुमच्या हॉस्टेलातली ती बाई नाव विचारते, नातं विचारते, काम विचारते, तोवर इकडे माणूस म्हातारं होतं.… सगळे बरे आहेत. हो, हो, अम्मा बरी आहे. अप्पाही बरे… म्हणजे तब्येतीनं बरे.… तब्येतीनं म्हणजे तब्येतीनं!”

साल शहाण्णव, नवरात्रातला रविवार. कुंभकोणमच्या त्या घरात फोन येऊन अजून वर्ष झालं नव्हतं. उंच स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली तो देवासारखा बसलेला असे, आणि त्याला हात लावायला न बिचकणारं घरात एकच माणूस होतं, पंकजा. अकरावीत होती. गेल्या महिन्यात शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिला कशाचीच भीती उरली नव्हती. आत्ता ती एका फुगलेल्या रेक्झिनच्या बॅगेवर मांडी घालून बसली होती. बॅग अप्पांची होती.

“अगो ऐक ना. दोन बातम्या आहेत. एक चांगली, आणि एक… तीही चांगलीच, पण जरा उशिरा चांगली होणार आहे.… तीच आधी सांगू? बघ हं.… बरं, सांगते. अप्पा तुला न्यायला येतायत.”

“…”

“हॅलो? अक्का? लाईन गेली की तू गेलीस?… न्यायला म्हणजे घरी आणायला. कायमचं. ‘पुरे झालं शिक्षण’ म्हणाले.… आज रात्रीच्या बसनं. बॅग भरून ठेवलीय. मी तिच्यावरच बसलेय.… नाही, उठणार नाही. म्हणून तर बसलेय!… का म्हणजे? कळलं त्यांना.… काय म्हणजे काय? उंदरांचं.”

पलीकडे बंगळूरला काय झालं असेल ते पंकजाला न पाहताही दिसलं. अक्कानं चष्मा काढला असणार. घाबरली की ती आधी चष्मा काढते, म्हणजे जे घाबरवतंय ते दिसायला नको.

जयलक्ष्मी, म्हणजे जया, म्हणजे पंकजाची अक्का, बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेत होती. तिथं मधुमेहाचा अभ्यास चाले, आणि तो चाले उंदरांवर. उंदीरही साधे नव्हेत. जन्माच्याही आधी त्यांच्या जीनमध्ये फेरफार केलेला असे. घरी मात्र अक्कानं सांगितलं होतं की ती भातावर काम करते. वैष्णवाचं घर, तांदळाचं दुकान. उंदीर म्हटलं असतं तर बंगळूरचं तिकीटच निघालं नसतं. भात म्हटल्यावर अप्पा इतके खूश झाले की त्यांनी दुकानात, पोन्नी आणि सीरग या तांदळांच्या पिंपांमधे, एक नवं पत्र्याचं पिंप मांडलं आणि वर रंगानं लिहून घेतलं: ‘जयलक्ष्मी’. लेकीनं काढलेला नवा तांदूळ आला की त्यात भरायचा. दोन वर्षं ते पिंप रिकामं होतं, आणि अप्पा रोज त्याच्यावरची धूळ पुसत. खरं काय ते एकट्या पंकजाला ठाऊक होतं.

“मी नाही सांगितलं! शप्पथ.… आजोबांची शप्पथ.… तोंडानं एक शब्द नाही काढला, अक्का.… तोंडानं नाही म्हणजे… मी मांडलं.… कुठं काय, कोलूत!… ओरडू नकोस ना. आधी ऐक तरी, हीच ती चांगली बातमी. इतकं सुंदर झालंय, तू बघशील तर रागावणारच नाहीस.”

आणि पंकजाचा आवाज सुरळीत वाहू लागला, कारण समोरच भिंतीला लागून ते सगळं उभं होतं. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या कोलूच्या पायऱ्या, पांढऱ्या वेष्टीनं म्हणजे धोतरानं झाकलेल्या, वर कलश, दशावतार, लाकडी राजा-राणी, तांदूळ विकणारा शेटजी आणि त्याची शेटाणी. आणि खाली जमिनीवर, जिथं दर वर्षी पोरं वाळू पसरून बाग नाहीतर रेल्वेस्टेशन मांडतात, तिथं पंकजाची करामत.

“गेल्या वर्षी मी क्रिकेटचं मैदान केलं होतं, आठवतं? या वर्षी म्हटलं काहीतरी जगाच्या पुढचं करू. तर तुमची प्रयोगशाळाच केली!… अगो, तुझ्या पत्रात होतं की सगळं. काड्यापेट्यांचे पिंजरे, पुढं काड्यांचे गज. थर्माकोलचं टेबल. औषधाच्या बाटलीचं टोपण उलटं ठेवून सूक्ष्मदर्शक.… तुझं नाव नाही लिहिलं! लिहिलंच नाही.… हां, एक बाहुली आहे. चष्म्याची. तारेचा चष्मा केला.… साडी? साडी म्हणजे तुझ्या जुन्या दावणीच्या ओढणीचा तुकडा होता, मोरपंखी.… तोच. गालावरचा तीळ मी नाही काढला, तो अम्मानं ओळखून काढला, म्हणाली, ‘ही तर आपली जयाच दिसते.’ तिला तेव्हा काय ठाऊक.… हसतेस का तू? हसलीस! मी ऐकलं!”

ग्राइंडर बंद झाल्यामुळे स्वयंपाकघरातून अम्मा हरभरे परतत असल्याचा वास आणि आवाज दोन्ही स्पष्ट येत होते. अम्माचा एक कान कढईकडे होता आणि दुसरा इकडे.

“आणि उंदीर! उंदीर कुठून आणले विचार.… मातीचे. चतुर्थीला विनायकांबरोबर विकतात ना, ते मूषक. देवळापुढच्या दुकानात उरलेले धूळ खात पडले होते. दुकानवाल्या सुंदरेशनं सगळे देऊन टाकले, म्हणाला, ‘पुढच्या चतुर्थीपर्यंत कोण सांभाळतो यांना.’… हो ना, तेच तर! सगळ्यांच्या हातात मोदक! आता प्रयोगशाळेतला उंदीर हातात मोदक घेऊन कसा बसेल? मग मी डोकं चालवलं. साध्या उंदरांच्या हातात मोदक तसाच ठेवला. आणि जीन बदललेला जो आहे ना, त्याच्या हातातला चाकूनं खरवडून काढला. पांढरा रंग दिला. आणि खाली पाटी लावली, तमिळमध्ये: ‘यानं गोड खाल्लेलं नाही. तरी याला शुगर आहे.’… बरोबर आहे ना? तूच लिहिलं होतंस. खाण्यानं नाही, जीन बदलल्यामुळे होतं त्याला. मग?”

“…”

“लोक काय म्हणणार! रांग लागली होती दारात. शेजारची मामी आल्या आल्या विचारते, ‘माणसाचं तोंड असलेला उंदीर कुठाय?’ मी म्हटलं, मामी, तोंड उंदराचंच आहे, फक्त आतली कृती बदललीय. म्हणे कृती कसली. मग मी रसमचं सांगितलं.… अगो, माझंच आहे ते, पत्रात नव्हतं. ऐक. समज, रसममध्ये चिंच नेमकी काय काम करते ते शोधायचंय. कसं शोधशील? एकदा चिंच न घालता रसम करायचं. जे बिघडलं ते चिंचेचं काम. तसंच यांनी उंदराच्या कृतीतली एक ओळ पुसली. उंदीर कुठं बिघडतो ते बघायचं, म्हणजे ती ओळ काय करत होती ते कळतं. आणि मग तसंच बिघडलेल्या माणसाला काय द्यायचं ते शोधायचं.… काय?… खरंच? तुमच्या सरांना सांगणार? माझं नाव घेऊन सांग हं. पंकजा, अकरावी ‘ब’.”

तिनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला आणि बॅगेवर जरा ऐसपैस बसली. आत अप्पांच्या वेष्ट्या आणि अम्मानं डब्यात भरलेले चकलीसारखे मुरुक्कू होते. मुरुक्कू मोडल्याचा बारीक आवाज झाला.

“कळलं कसं म्हणजे, तोच तर भाग यायचाय. अप्पांना आधी काही वाटलंच नाही. दुकानातून आले, कोलूला नमस्कार केला, म्हणाले, ‘काय गो, औषधाचं दुकान मांडलंस का?’ मी हो म्हटलं.… मग काय सांगू? पण काल संध्याकाळी महा-अत्या आली.”

महा-अत्या म्हणजे महालक्ष्मी, अप्पांची एकुलती धाकटी बहीण. सुंदरपेरुमाळ कोयिल या जवळच्या गावात राहायची. अप्पा जगात कुणाचं ऐकत नसत, पण महा-अत्येनं पाण्याचा पेला सरकवला तरी त्यात काही अर्थ आहे का ते बघत. दर नवरात्रात ती आपल्या मुलीला, सीताला घेऊन कोलू बघायला यायची.

“हो, सीताही आली होती. महाराणी.… अगो, महाराणी म्हणणार नाहीतर काय! दोन वर्षं झाली, आपल्या घरी येते आणि कशाला तोंड लावत नाही. अम्मानं काल तिच्यासाठी साखरपोंगल केलं होतं, तूप गळतंय वरून. ‘नको मामी.’ पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. अम्माचं तोंड बघायला हवं होतंस. ‘आमच्या घरचं पाणीही चालत नाही पोरीला’ म्हणत रात्रभर भांडी आपटत होती.… हो, वाळलीय जरा. उंच झालीय ना.

“बरं, मग ऐक. सगळे पायऱ्या बघतायत, आणि ही आपली खाली बसली, माझ्या उंदरांपाशी. त्या पांढऱ्याकडे बघत. मी आपलं भाषण सुरू केलं. तर मधेच विचारते, ‘याच्या हातातला मोदक कुठं गेला?’ मी म्हटलं, यानं कधी गोड खाल्लंच नाही, तरी त्याला शुगर आहे, त्याची कृतीच तशी आहे. तर म्हणते, ‘मग त्याला कुणी बोलत नाही ना?’… असंच म्हणाली. ‘तू फार खाल्लंस म्हणून झालं, असं त्याला कुणी म्हणत नाही ना?’ मी म्हटलं, उंदराला कोण म्हणणार! तर हसली. कधी नव्हे ती. आणि अत्या मागं उभी होती, तिनं सीताचा हात धरला आणि तडक निघाली. तांबूल नाही घेतलं, अक्का! कुंकू लावून घेतलं नाही. अम्मा ताट घेऊन दारापर्यंत धावली, तोवर ऑटोत बसल्यासुद्धा.”

नवरात्रात घरी आलेली सवाष्ण विड्याची पानं न घेता गेली, तीही नणंद. कुंभकोणमच्या मळ्यातली अख्खी पानं वाळून गेली असती तरी त्या घराला इतका धक्का बसला नसता.

“अप्पांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं काही नाही, उंदीर बघितले. ‘कसले उंदीर?’ आणि मग बसले की वाचत. सगळ्या पाट्या. चष्म्याच्या बाहुलीकडं बघितलं. दावणीकडं बघितलं. मला म्हणाले, ‘पंकजा. जया भातावर काम करते ना?’… मी काय करणार, अक्का! मी काही ठरवायच्या आधीच माझं तोंड हो म्हणत होतं, आणि मान आपली नाही म्हणत हलत होती.”

बोलताना तिची मान खरोखरच आडवी हलली.

“रागावले नाहीत. तेच वाईट. रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं, माझं पाठ होतं. पाट्या पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, ‘विनायकाच्या वाहनाला छळणारी माझी मुलगी. म्हणून माझी बहीण माझ्या घरचं पान न घेता गेली.’ आणि म्हणाले, ‘शेवटी त्या उंदरांचं काय होतं?’… खरं तेच सांगितलं. मरतात म्हटलं. मुद्दाम दुखवत नाहीत, पण शेवटी मरतात.… मग खोटं सांगू? एका खोट्यानं काय झालंय ते बघतेस ना?”

पलीकडून बराच वेळ काही बोलणं चाललं असावं. पंकजा ऐकत होती, वायरीला पीळ घालत होती, आणि तिच्या भिवया हळूहळू वर चढत होत्या.

“काय?… तूच येतेस? म्हणजे काय? काम सोडून?… वेडी का तू!… हो, कळतं, खोट्याचा कंटाळा आला असेल. दर पत्रात भाताची उंची लिहायची म्हणजे येणारच कंटाळा. पण म्हणून उंदीर सोडायचे?… थांब थांब, तू थांब. तू मोठी आहेस म्हणून मी ऐकते नेहमी, आज तू ऐक. तू लिहिलं होतंस ना, तो पहिला पांढरा जन्माला आला त्या दिवशी सगळ्या गल्लीला पेढे वाटावेत असं वाटलं, आणि घरी कुणाला सांगता येईना म्हणून एकटीच मसालडोसा खाऊन आलीस? ते मी कितीदा वाचलंय माहितीये? मी काय मैदान मांडू शकत नव्हते या वर्षी? मला तू दाखवायची होतीस. सगळ्यांना. म्हणून मांडलं.”

अम्माच्या कढईतला आवाज थांबला होता.

“…रडू नको गो. मीपण रडेन, आणि हा फोन ओला झाला तर अप्पा मला विकतील.… ऐक, अजून आहे. सकाळी मी त्यांना उत्तर दिलं. हो, दिलं! म्हटलं, अप्पा, तुमच्या दुकानात कोपऱ्याकोपऱ्यात सापळे आहेत, ते काय विनायकाच्या वाहनाला बसायला? तांदूळ खातात म्हणून तुम्ही मारता. अक्का तर माणसं बरी व्हावीत म्हणून करते. कुणाचं वजन जास्त, तुमच्या तराजूत घालून बघा.… हो, असंच बोलले. मलाच नंतर घाम फुटला.… त्यांनी? कॉफीचा टंबलर तसाच ठेवला आणि चपला घातल्या.… अगो, कॉफी न पिता! तेही रविवारी! तिरुवलंचुळीला गेलेत, पांढऱ्या विनायकाकडे. मूषकाच्या कानात तुझ्यासाठी क्षमा मागायला. आणि तिथून जवळच आहे म्हणून अत्येकडं, तिची माफी मागायला. आले की बॅग उचलणार. म्हणून मी इथं बसलेय.”

“…”

“काय? पुन्हा सांगू?… कुठलं? सीताचं? ‘तू फार खाल्लंस म्हणून झालं असं त्याला कुणी म्हणत नाही ना.’… हो, अगदी असंच.… अजून काय विचारलं? थांब, आठवू दे. हां, एक गंमतच विचारली. म्हणाली, ‘याला इन्शुलिन कुठं टोचतात? मांडीत की पोटात?’ मी म्हटलं मला नाही माहीत, अक्काला विचारते. चांगलं वाचलंय पोरीनं.… बाटली? मोठी होती. सारखी पाणी पीत होती पूर्वी, दोन वर्षांमागं, तेव्हा अम्मा म्हणालीसुद्धा… हो, वाळलीय. म्हटलं ना.… नाही, गोड काहीच नाही. प्रसाद हातात घेते आणि… अक्का, तू हे सगळं का विचार…”

पंकजानं वायरीचा पीळ सोडला. वक्तृत्वस्पर्धेत पहिली आलेल्या त्या मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

“…अय्यो.”

समोर कोलूत तो पांढरा उंदीर रिकामे हात पुढं करून बसला होता. काल त्याच्यापाशी उकिडवी बसलेली सीता तिला आत्ता पहिल्यांदा नीट दिसली. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यासारखे लोंबलेले तिचे खांदे, आणि ते हसू.

“अय्यो, अक्का. आणि मी तिला महाराणी म्हणत होते.… हो.… हो.… कुणाला सांगितलं नसेल अत्येनं. अप्पांनासुद्धा नाही. सांगितलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल, तेच ना? म्हणून लपवलं. आपल्या घरात सगळेच लपवतात बघ. तू उंदीर, त्या सुई.… मग ती रागावून नाही गेली? तांबूल… घाबरून गेली! मी सगळ्यांसमोर भाषण ठोकत होते आणि सीता विचारत होती, कुणी ओळखेल म्हणून…

“बरं. बरं, हळू सांग, मी लक्षात ठेवते.… औषध अजून निघालेलं नाही. उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेलच असं नाही. वर्षं लागतील. कदाचित तुम्हाला नाही, दुसऱ्याच कुणाला सापडेल.… हो, तसंच सांगेन. वाढवून नाही सांगणार.… अगो, नाही वाढवणार! पण एक सांगू? तिला औषधाचं कुठं विचारायचं होतं. तिला फक्त कुणी बोलू नये एवढंच हवं होतं. ते तर तुझ्या उंदरानं कालच देऊन टाकलं.”

बाहेर ऑटो थांबल्याचा फटफटाट झाला. पंकजानं मान उंचावून खिडकीतून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“आले! अक्का, आले. ठेवू नकोस, ठेवलास तर मी जन्मात बोलणार नाही.… एकटे नाहीत. अत्या आहे. सीतापण. अप्पांनी तिचा हात धरलाय. अम्मा गेली दारात… अत्या रडतेय की हसतेय कळत नाही. अम्मा कुंकू लावतेय, तांबूल देतेय, दारातच. सीताला काय देऊ म्हणून घुटमळतेय… आत पळाली. आली. वाटीत हरभऱ्याचं सुंडल, बिनगुळाचं. घेतलं! सीतानं घेतलं, अक्का. खातेय.… हो, अप्पा, अक्काचाच फोन आहे. मी नाही लावला, तिनंच केला.… नाही, उठत नाही मी बॅगेवरून. आधी सांगा कशाला हवी.… काय?… तुम्ही बोलता? फोनवर?”

आजवर अप्पा फोनशी कधी बोलले नव्हते. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून ‘विचार तिला जेवली का’ म्हणत, आणि पंकजा दोन्हीकडचं पोचवी. आज ते सरळ चालत आले, हात पुढं केला. तिनं रिसीव्हर दिला. तो उलटा धरला होता. तिनं सुलटा करून दिला आणि त्यांच्या कोपराला लागून कान लावून उभी राहिली.

“हॅलो?” अप्पा म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. “जया? मी. अप्पा.… हं. ऐक. मधे बोलू नकोस. मला एकदाच जमेल.”

तेवढ्यात रिसीव्हरमध्ये खट्ट झालं. पंकजाच्या कानाला ते स्पष्ट लागलं. मग एकसुरी आवाज, टूंऽऽ. लाईन गेली होती. तिनं सांगायला तोंड उघडलं. अप्पांनी डोळे मिटलेले होते.

तिनं तोंड मिटलं.

“वलंचुळीला गेलो होतो,” अप्पा म्हणाले. “मूषकाच्या कानाशी वाकलो. माझ्या लेकीला क्षमा कर म्हणायचं होतं. तर शब्द फुटेना. दुकानात रोज सापळा लावणारा माणूस कुठल्या तोंडानं दुसऱ्यासाठी क्षमा मागणार? तसाच उठलो आणि महाकडं गेलो. दार उघडंच होतं. सीता मांडीला सुई लावून बसली होती. स्वतःच टोचली, जया. एवढीशी पोर, डोळे उघडे ठेवून. मला बघून घाबरली ती सुईला नाही, मला. मी काय म्हणेन म्हणून.”

त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. पलीकडून कुणी मधे बोललं नाही, याचं त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

“तू भात म्हणालीस ते खोटं. ते लागलं मला. उंदीर नाही लागले, खोटं लागलं. पण तेव्हा खरं सांगितलं असतंस तर मी जाऊ दिलं नसतं, हेही खरं. म्हणजे अर्धं खोटं माझ्या खात्यावर. असो. आज रात्री येतोय मी. न्यायला नाही, बघायला. महा येते, सीता येते. तिला तो पांढरा बघायचाय, मोदक नसलेला. दाखव तिला. आणि मरताना त्यांना दुखत नाही ना, ते मला नीट समजावून सांग. हं. आणि ते पिंप. आता वाटेत ऑटो थांबवून भरून टाकलं. जुनी पोन्नी, खडे निवडलेली. त्यातली पिशवीभर घेऊन येतो. तुझ्या त्या उंदरांना. चालेल ना?”

टूंऽऽ.

“गप्प आहेस म्हणजे चालेल. बरं. ठेवतो.”

त्यांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला, क्रोशाचा रुमाल सरळ केला आणि सगळ्यांकडे वळले. चेहरा असा की पोरीचं लग्न लावून आले आहेत.

“बघितलंत?” अप्पा म्हणाले. “एका शब्दानं उलट बोलली नाही. मोठी झाली जया. अम्मा कुठंय? सकाळपासून कॉफी नाही पोटात.”

ते स्वयंपाकघराकडे गेले, मागोमाग अत्या, आणि सीता वाटी घेऊन खाली बसली, पांढऱ्या उंदराच्या समोर. तिनं हरभऱ्याचा एक दाणा उचलून त्याच्या रिकाम्या हातात ठेवला. फोन पुन्हा वाजला. पंकजानं पहिल्याच घंटेला झडप घातली आणि तोंडाभोवती हात धरला.

“हॅलो?… शूऽऽ. हो, हो, कट झाला होता.… तू कुठपर्यंत ऐकलंस?… ‘मधे बोलू नकोस’पर्यंत?… मग तू काहीच ऐकलं नाहीस गो!… नाही, मी नाही सांगणार. पोचवायचं काम आजपासून बंद. उद्या सकाळी बसस्टँडवर ये, ते स्वतः सांगतील. थोडं वेगळं सांगतील, पण पुन्हा सांगायला लाव.… रागावलेत? ये आणि बघ.… हो, बॅगेवरून उठले मी. मुरुक्कूचा चुरा झालाय, तो मीच पाठवला समजून खा.

“अक्का, एकच ऐक. ठेवायच्या आधी एकच. उद्या अप्पा तांदळाची पिशवी पुढं करतील. बाहेरचं खाणं तुमच्या उंदरांना चालत नाही, मला माहितीये, तूच लिहिलं होतंस.… तरी चालतं म्हण. घे, आणि तू खा.… नाही, हे खोटं नाही! ते पिंप तुझ्या नावाचं आहे की.… बरं, ठेवते. सीता इथं उंदराला सुंडल भरवतेय, मला जायचंय. ठेवते, ठेवते, ठेवला!”